हयात गिटारवादकांची पंगत

श्रेष्ठ गिटारवादकांच्या याद्यांचा आपल्याला मनस्वी कंटाळा आहे, असे सांगण्याची जाणकारांत रीत आहे. तिच्यावर फारसा विश्वास ठेवू नये. यादी समोर आली की प्रत्येक जण आधी आपला माणूस कितव्या पाटावर बसवला आहे ते पाहतो, मग यादी करणाऱ्याच्या कानांविषयी दोन शब्द बोलतो, आणि मग ती पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. घराण्यांच्या वादावर पोसलेल्या आम्हां मराठी श्रोत्यांना तर ही खोड जन्माचीच. तेव्हा याद्या करूच नयेत असा उपदेश आम्ही करणार नाही. रॉक गिटारवादकांत 'आजवरचे श्रेष्ठ' कोण आणि 'आज हयात असलेल्यांत श्रेष्ठ' कोण, हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि दुसरा अधिक अवघड आहे, एवढेच आमचे म्हणणे.

पहिल्याचे उत्तर ठरल्यासारखेच आहे. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने २००३, २०११ आणि २०२३ साली अशा याद्या छापल्या. पहिली डेव्हिड फ्रिक या एका समीक्षकाची होती, दुसरी वादकांच्या आणि जाणकारांच्या मतांवरून झाली, तिसरीत शंभरांचे अडीचशे झाले. तिन्ही वेळा पहिला जिमी हेंड्रिक्स. तो १९७० च्या सप्टेंबरात, सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्या मोठेपणाविषयी आम्हांला शंका नाही. पण गेलेल्या माणसाला एक सवलत मिळते ती ध्यानात घ्यावी. त्याच्या नावावर पन्नाशीतली निस्तेज ध्वनिमुद्रिका नाही, साठीतला पुनर्मीलनाचा दौरा नाही, सत्तरीतले न शोभणारे विधान नाही. हयात वादकाला हे सारे गाठोडे घेऊनच पंगतीत बसावे लागते.

एरिक क्लॅप्टनचे पाहा. २००३ साली तो चौथा होता, २०११ साली दुसरा, २०२३ साली पस्तिसावा. ज्या वादनासाठी तो मोठा गणला जातो ते मुख्यतः १९६६ ते १९७० या काळातले. त्यातला एकही सूर २०११ आणि २०२३ यांच्या दरम्यान बदललेला नाही. मग बदलले काय? थोडे ऐकणाऱ्यांचे कान, आणि बराचसा त्या माणसाविषयीचा राग. १९७६ साली बर्मिंगहॅमच्या रंगमंचावरून त्याने स्थलांतरितांविरुद्ध ओकलेले गरळ जुनेच होते. महासाथीच्या काळात निर्बंधांविरुद्ध त्याने घेतलेली भूमिका ताजी होती. आमच्या मते दुसरा क्रमांक हा भाबडेपणा होता आणि पस्तिसावा हा सूड आहे. उलट बाजूने, सिस्टर रोझेटा थार्प १९७३ साली निवर्तली. २००३ आणि २०११ च्या याद्यांत ती कुठेच नव्हती, २०२३ साली ती सहावी आली. तिनेही मधल्या काळात काही नवे वाजवले नव्हते. २००३ च्या शंभरांत स्त्रिया दोनच होत्या हे आठवले, म्हणजे याद्या वादकांपेक्षा यादी करणाऱ्यांच्या बहिरेपणाविषयी किती सांगतात ते उमगते.

हयातीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १० जानेवारी २०२३ रोजी, जेफ बेक गेला तेव्हा. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत आम्हांला ही उठाठेव करण्याची गरज नव्हती. बेकचे उत्तर तयार होते, आणि त्याला कारण होते: तो उतारवयात अधिक चांगला वाजवू लागला होता. साथीदारांनी साठ-सत्तरच्या दशकांतल्या पुण्याईवर दिवस काढले; बेकने चाळिशीच्या सुमारास नखी टाकून दिली आणि बोटांनी वाजवायला सुरुवात केली. अंगठ्याने तार छेडायची, करंगळीने आवाजाचे बटण फिरवून सुराची सुरुवात पुसून टाकायची, आणि उरलेल्या बोटांत तारा सैल-घट्ट करणारा दांडा धरून स्वर गळ्यातून यावा तसा काढायचा. १९८९ च्या 'व्हेअर वेअर यू' मध्ये ही रीत अशी काही साधली आहे, की वाद्य पडद्यांचे आहे हे विसरायला होते. तो गेला आणि पहिला पाट रिकामा झाला. त्यावर कुणाला बसवायचे?

प्रचलित कसोट्या दोन. एक गतीची. ती आम्ही फारशी मानत नाही. स्टीव्ह वाय किंवा जो सात्रियानी यांचे हात काय करू शकतात हे ऐकून आम्हीही थक्क होतो, पण द्रुत तानेवरून गवय्याचे मोल करणाऱ्या श्रोत्याला आपण काय म्हणतो ते सांगायला नको. दुसरी कसोटी प्रभावाची: किती जणांनी त्याचे अनुकरण केले. हिच्यात तथ्य आहे, पण अनुकरण सोपे असते त्याचेच अधिक होते. 'स्मोक ऑन द वॉटर' ची सुरावट गिटार हाती आल्यापासून आठवड्याच्या आत वाजवली नाही असा मुलगा मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत सापडणे कठीण. पण रिची ब्लॅकमोर ज्यामुळे मोठा आहे ते त्या चार सुरांत नाही.

आमची कसोटी वजाबाकीची आहे. हा वादक झालाच नसता तर वाद्याच्या भाषेतून नेमके काय वजा झाले असते? आणि ही कसोटी लावू लागलो तसे एक लक्षात आले, की जे तिला उतरतात त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातांत काहीतरी उणे होते.

टोनी आयोमीपासून सुरुवात करू, कारण आमच्या लेखी पहिला पाट त्याचा. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा हा सतरा वर्षांचा मुलगा, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गमावून बसला. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. आता गिटार विसरा, असे त्याला सांगण्यात आले. कारखान्याच्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकवली. हा जिप्सी वादक १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही जगातला नामवंत गिटारवादक झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. टोपणांमुळे तार बोटाला कळेना, आणि जाड तारा दाबवेनात. तेव्हा त्याने बारीक तारा चढवल्या, बाजारात त्या नव्हत्या म्हणून बँजोच्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' मधल्या काही गाण्यांत सारी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, म्हणजे तारा आणखी सैल पडल्या. भरगच्च कॉर्ड धरणे जड जाई, म्हणून षड्ज-पंचमाच्या दोन-तीन तारांवर भागवले. या तडजोडींची बेरीज म्हणजे आज जगभर ज्याला मेटल म्हणतात त्या संगीताचा आवाज: खोल, जड, सैल तारांचा घर्घर करणारा.

पण एवढ्यावर आम्ही त्याला पहिला ठरवले नसते. अपघात अनेकांना होतात. १९६९ च्या ऑक्टोबरात एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेल्या ब्लॅक सॅबाथच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे पहिले गाणे ऐकावे. मुख्य सुरावटीत स्वर तीनच. खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम, तोही कंप देत थांबलेला. आपल्याकडे तीव्र मध्यम ऐकला की कान यमनाकडे वळतो आणि पंचमाची वाट पाहतो. इथे पंचम येत नाही. पुन्हा खालचा षड्ज येतो, पुन्हा तोच मध्यम. मारव्यातही पंचम वर्ज्य आहे आणि मारव्याची अस्वस्थता आपल्या ओळखीची आहे, पण मारवा षड्ज जपून वापरतो. आयोमी तो घणासारखा घालतो आणि मग त्यापासून सर्वांत दूरच्या, सर्वांत न जुळणाऱ्या स्वरावर आपल्याला सोडून देतो. विलंबित लयीत, इतक्या विलंबित, की १९७० सालच्या रॉकमध्ये ते धाडसच होते. हा निर्णय बोटांनी घेतलेला नाही. हा कानाचा निर्णय आहे.

२०१२ च्या सुरुवातीला त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचार चालू असतानाच '१३' ही ध्वनिमुद्रिका झाली. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळचे चौघे अखेरचे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला आणि सतराच दिवसांनी गेला. त्या संध्याकाळी आयोमीचा हात जसा लागला तसा अनेक निम्म्या वयाच्यांचा लागत नाही. तरी वाद घालायचा असल्यास खुशाल घालावा.

दुसरे नाव ऐकून काही वाचक कपाळाला आठ्या घालतील: जोनी मिचेल. ती रॉकची कुठे? ती लोकगीतांची, कवितेची, असे म्हटले जाईल. १९७६ ची 'हेजिरा' ऐकावी, म्हणजे ही शंका बरीचशी फिटेल. तीत विजेवरच्या गिटारीचे एकावर एक थर आहेत, आणि त्यांत रूढ अर्थाचे एकल तुकडे फारसे नाहीत. कॅनडातल्या या मुलीला नवव्या वर्षी पोलिओ झाला. डावा हात कमकुवत राहिला. नेहमीच्या जुळणीतले नेहमीचे कॉर्ड त्या हाताला धरवेनात, म्हणून तिने तारांची जुळणीच बदलली. मग दुसऱ्या गाण्यासाठी आणखी बदलली. अशा पन्नासांहून अधिक जुळण्या तिने वापरल्या. आपल्याकडे तंबोरा रागानुसार पंचमात की मध्यमात लावायचा याचा विचार होतो; ही बाई प्रत्येक गाण्यासाठी वाद्य नव्याने लावत होती. त्यामुळे तिच्या स्वरमेळांना ओळखीची नावे देता येत नाहीत, आणि ते कुठे जाऊन विसावतील हेही सांगता येत नाही.

२०१५ साली मेंदूतली रक्तवाहिनी फुटून ती अंथरुणाला खिळली. पुन्हा चालायला शिकावे लागले, आणि गिटारही. बोटे कुठे ठेवायची ते ती स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून शिकली. २०२२ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिने उभे राहून एक अख्खे गाणे फक्त गिटारीवर वाजवले. सफाई नव्हती, असायचे कारणही नव्हते. हयात वादकांचा विचार करताना आम्हांला तो प्रसंग वारंवार आठवतो. आयुष्यात दुसऱ्यांदा हात गमावलेल्या माणसाने आपल्याच शैलीची शिष्या होणे, असे दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही.

कीथ रिचर्ड्सचा वरचा पाट कुणी नाकारील असे वाटत नाही, पण कारण चुकीचे सांगितले जाते. तो जगला कसा याचीच चर्चा अधिक. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते त्याने काढून टाकलेल्या तारेचे. साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने सहावी, सर्वांत जाड तार उतरवली आणि उरलेल्या पाच तारा सा प सा ग प अशा लावल्या. म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी पुरता स्वरमेळ वाजतो, जवळजवळ तंबोऱ्यासारखा, आणि दोन बोटे हलवली की गाणे चालू लागते. 'हाँकी टाँक विमेन' पासून 'स्टार्ट मी अप' पर्यंतचा तो टणत्कार याच पाच तारांचा आहे. त्याच्या वादनात वाजवलेल्याइतकेच न वाजवलेलेही असते. ठेक्याच्या किंचित मागे-पुढे जागा सोडणे ही त्याची खरी विद्या. २००३ च्या एप्रिलमध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईत वाजवून गेले तेव्हाही त्याची बोटे संधिवाताने गाठाळ दिसत होती. त्या दुखण्यामुळे वाजवण्याची रीत बदलावी लागली, हे त्याने २०२३ साली सांगितले, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे.

जिमी पेजविषयी आमच्या मनात दुविधा आहे. १९९८ नंतर नव्या रचनांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. डिसेंबर २००७ ची लंडनची ती एक रात्र सोडली तर फारसे वाजवलेलेही नाही. हयात आहे, पण हयात वादक आहे का? तरी वजाबाकी केली तर खड्डा मोठा पडतो. १९७५ चे 'कश्मीर' घ्या. नावाचा आपल्या काश्मीरशी काही संबंध नाही, शब्द मोरोक्कोच्या वाळवंटात सुचलेले. गिटार सा प सा म प सा अशी लावलेली. खाली षड्ज धरून ठेवलेला आणि वर एकेक अर्धस्वर चढत जाणारी सुरावट. ती तीन-तीनच्या गटांत चालते आणि जॉन बॉनमचा ढोल चारच्या. दोघांची गाठ बाराव्या मात्रेनंतर पडते. लयकारीच्या मैफिलीत वाढलेल्या कानाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. १९७२ च्या ऑक्टोबरात पेज आणि प्लँट मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या फिती २०१५ पर्यंत अप्रकाशित राहिल्या. ऐकल्यावर कळते, की दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळून घेत आहेत आणि कुणीच मोकळे झालेले नाही. प्रयोग फसला असेच आम्ही म्हणू. पण 'कश्मीर' मध्ये मोकळीक आहे, आणि ती मुंबईनंतर तीन वर्षांनी आली.

मोकळे होण्याला काय लागते ते जॉन मॅक्लॉफ्लिनने दाखवले. यॉर्कशरचा हा माणूस १९७१ साली महाविष्णू ऑर्केस्ट्रात कानठळ्या बसवणारी विजेवरची गिटार वाजवत होता. काही वर्षांतच तो मांडी घालून झाकीर हुसेन यांच्या शेजारी 'शक्ती' मध्ये बसला, तरफांच्या तारा लावलेली आणि पडद्यांमधली लाकडी पट्टी कोरून खोलगट केलेली साधी गिटार घेऊन. पट्टी कोरली की तार खाली दाबून आणि बाजूला ओढून मींड घेता येते. त्याने आपल्याकडून स्वर उसने घेतले नाहीत. आपल्या स्वरांसाठी वाद्य बदलले. त्याला जाझमध्ये घालावे की रॉकमध्ये याचा वाद आम्ही इतरांवर सोपवतो. २०२३ ची 'धिस मोमेंट' ही शक्तीची ध्वनिमुद्रिका, तिला २०२४ च्या फेब्रुवारीत मिळालेले ग्रॅमी, आणि त्याच वर्षी डिसेंबरात झाकीर हुसेन यांचे जाणे, हे सारे त्याच्या वयाच्या ऐंशीनंतरचे आहे.

मींडेचा विषय निघाला म्हणून डेव्हिड गिल्मरविषयी सांगितलेच पाहिजे, नाहीतर निम्मे वाचक पुढे वाचणार नाहीत. महाराष्ट्रात रॉक ऐकणाऱ्यांत त्याच्याइतका लाडका वादक दुसरा नसावा, आणि कारण उघड आहे: तार बाजूला ओढून तो स्वराला ज्या संथपणे वर नेतो ते सतारीवर पोसलेल्या कानाला घरचे वाटते. पण ही ओढ त्याच्या आधी बी. बी. किंगकडे होती, आल्बर्ट किंगकडे होती. वजाबाकीच्या कसोटीवर गिल्मर आमच्या पहिल्या पाचांत बसत नाही. आणि तरीही 'कम्फर्टेबली नम' चा शेवटचा तुकडा लागला की कसोटी बाजूला राहते, हेही खरे आहे. कसोटी बदलावी असे मात्र आम्हांला वाटत नाही.

आता उरला सहावा पाट. तो ऐंशीच्या घरातल्या कुणाला द्यायचा नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते, कारण वर नोंदवलेल्या पाचांत सर्वांत धाकटा आयोमी, तोही १९४८ चा. अशी यादी थोड्याच वर्षांत मृत्युलेखांची वही होते. दोन नावे समोर येतात. अमेरिकेचा डेरेक ट्रक्स, जन्म १९७९. नखी वापरत नाही, आवाज बदलणारी यंत्रे पायाशी ठेवत नाही, आणि काचेची नळी तारांवरून सरकवत वाजवतो. अली अकबर खाँचा सरोद त्याने मन लावून ऐकला आहे; सरोदाला पडदे नसतात, आणि सरकत्या नळीलाही पडद्यांची पर्वा नसते, म्हणून ते ऐकणे त्याच्या वादनात वरवरचे राहिलेले नाही. स्वराची शुद्धता पाहायची तर आज त्याच्यासारखा कुणी नाही, असे आमचे मत आहे.

आणि नायजरचा एमडू मॉक्तार. तुआरेग जमातीचा, डावखुरा. पहिली गिटार त्याने लाकडाची स्वतः केली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. त्याची गाणी सहाराच्या वाळवंटात पसरली ती मोबाइल फोनांतून, एकाच्या मेमरी कार्डावरून दुसऱ्याच्या. प्रिन्सच्या 'पर्पल रेन' वरून प्रेरणा घेऊन २०१५ साली त्याला घेऊन एक चित्रपट झाला. तामाशेक भाषेत जांभळ्या रंगाला शब्द नाही, म्हणून त्याच्या नावाचा अर्थ 'थोडा लाल मिसळलेल्या निळ्या रंगाचा पाऊस' असा करावा लागला. २०२३ च्या जुलैमध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तो आणि त्याचे साथीदार अमेरिकेच्या दौऱ्यावर होते आणि तिथेच अडकले. २०२४ च्या 'फ्युनरल फॉर जस्टिस' मधला संताप त्याआधीचा आहे, पण तीच गाणी त्या सत्तापालटानंतर विजेशिवाय, साध्या गिटारींवर पुन्हा ध्वनिमुद्रित झाली आणि २०२५ साली आली. दोन्ही एकामागून एक ऐकाव्यात. पहिलीत तो हेंड्रिक्सचा वारस वाटतो, दुसरीत कुणाचाच नाही.

ट्रक्स अधिक सुरेल आहे याविषयी आमच्यात मतभेद नाही. पाट मॉक्तारचा.